कवीनें कारभारांत पडावें काय?

लक्ष्मी आणि सरस्वती या दोघींचें सहसा पटत नाहीं, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. पण सरस्वती आणि सत्ता यांचें पटतें कीं नाहीं, याविषयीं आपल्या लोकांचें मत अद्यापि निश्चित झालेलें दिसत नाहीं. एकीकडे आपण मोठ्या अभिमानानें सांगतों कीं, सम्राट हर्षानें राज्यशकट हांकतां हांकतां 'रत्नावली' लिहिली, आणि दुसरीकडे, शेजारच्या कवीला पतपेढीचा चिटणीस नेमावयाचें निघालें, तर "अहो, तो कवि माणूस! त्याच्या हातीं किल्ल्या कशा द्यावयाच्या?" असें म्हणून हसून तो विषय बाजूला सारतों. म्हणजे कवि राजा झालेला आपणांस चालतो. मात्र तो निदान हजार-तेराशें वर्षांपूर्वींचा असला पाहिजे!

हा प्रश्न मीं केवळ वादाच्या हौसेनें हातीं घेतलेला नाहीं. तो आमच्याच घरांत येऊन बसला आहे. आमची धाकटी सून कविता करते, नाटुकलीं लिहिते. तिच्या दोन एकांकिका स्पर्धांतून गाजल्या, आणि कृष्णाबाईच्या उत्सवासाठीं तिनें लिहून बसविलेलें एक छोटेसें नाटक पाहावयास गंगापुरीपासून धर्मपुरीपर्यंतच्या बायकामाणसांनीं गर्दी केली होती. त्या गर्दींतूनच कीं काय कोण जाणे, पण आळींतील चार वजनदार मंडळी एके दिवशीं आमच्याकडे आली आणि म्हणाली, "यंदा आमच्या प्रभागांतून सूनबाईंनीं नगरपालिकेला उभें राहावें." महाराष्ट्रांत २०११ पासून स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत, त्यामुळें अशा योग्य स्त्रीचा शोध प्रत्येक आळीला करावाच लागतो. मंडळी चहा घेऊन गेली. वाद मात्र घरांत ठेवून गेली.

आमचें घर एकत्र कुटुंबाचें, त्यामुळें मतेंहि चुलीगणिक नसून माणसागणिक आहेत. माझे धाकटे बंधु, ज्यांना घरांत सगळे भाऊकाका म्हणतात, यांनीं सारी नोकरी सरकारी खजिन्यांत केली. त्यांचें म्हणणें असें कीं, कविता करणें आणि कारभार करणें या दोन निरनिराळ्या जातीच्या बुद्धि आहेत. कवीला चंद्र दिसतो, आणि नगरपालिकेला दिव्याचा खांब बघावा लागतो. थोरल्या वहिनींचा आक्षेप वेगळा आणि अधिक मायेचा. त्या म्हणाल्या, "पोरीच्या लिहिण्याचें वाटोळें होईल. लोक रात्रीं-अपरात्रीं नळ आला नाहीं म्हणून दार ठोठावतील. मग ती लिहील केव्हां?" आमच्या चिरंजीवांनीं "तिचें ती ठरवील" म्हणून अंग काढून घेतलें, आणि सूनबाईनें तो प्रश्न माझ्यापुढें ठेवला. "मामंजी, तुम्ही इतकीं चरित्रें वाचलीं आहेत. लिहिणाऱ्या माणसानें असल्या उद्योगांत पडल्याचें एखादें धड उदाहरण सांगा," असें ती म्हणाली.

उदाहरण शोधण्यास मला फार लांब जावें लागलें नाहीं. नरसिंह चिंतामण केळकर यांचें नांव त्या क्षणींच आठवलें. हल्लींच्या पिढीला तात्यासाहेब केळकर म्हणजे शाळेच्या पुस्तकांतील एखादा धडा, किंवा पुण्यांतील एक रस्ता, इतकेंच ठाऊक असतें. पण कवि आणि नाटककार असलेला मनुष्य सार्वजनिक अधिकारावर बसला तर काय होतें, हें पाहावयाचें असेल, तर मराठींत त्यांच्याइतकें भरपूर उदाहरण दुसरें नाहीं.

केळकरांचा जन्म २४ ऑगस्ट १८७२ रोजीं मोडनिंब येथें झाला. कायद्याची परीक्षा उतरल्यावर त्यांनीं वकिलीची पाटी लावली ती आपल्या साताऱ्यास. ते तसेच साताऱ्यांत राहिले असते, तर जिल्ह्याला एक चांगला वकील मिळाला असता, आणि मराठी वाङ्मयाचें व पुण्याच्या राजकारणाचें मोठें नुकसान झालें असतें. १८९६ मध्यें टिळकांनीं त्यांना पुण्यास बोलावून घेतलें. पुढें 'मराठा' आणि 'केसरी' या दोन्ही पत्रांचें संपादकत्व त्यांच्याकडे आलें. १९०८ सालीं टिळकांना शिक्षा झाली, तेव्हां त्या खटल्यावर लिहिलेल्या लेखाबद्दल न्यायालयाच्या बेअदबीचा आरोप येऊन केळकरांनाहि थोड्या दिवसांचा तुरुंगवास घडला. १८९८ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, ते पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १९१८ मध्यें आणि पुन्हां १९२२ ते १९२४ या काळांत ते तिचे अध्यक्ष होते. १९२३ पासून १९२९ पर्यंत ते मध्यवर्ती कायदेमंडळांतहि होते.

आतां याच माणसाच्या लेखणीकडे पाहा. 'तोतयाचें बंड' हें नाटक १९१३ चें. त्याशिवाय 'चंद्रगुप्त', 'कृष्णार्जुनयुद्ध', 'संत भानुदास' अशीं आणखीहि नाटकें आहेत. कविता आहेत, कादंबऱ्या आहेत, विनोदाची मीमांसा आहे. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. टिळकांच्या त्रिखंडात्मक चरित्राचा पहिला खंड १९२३ मध्यें बाहेर पडला; म्हणजे ज्या वर्षीं ते नगरपालिकेच्या खुर्चीवर होते आणि ज्या वर्षीं त्यांनीं कायदेमंडळाची निवडणूक जिंकली, त्याच वर्षीं. १९३५ मध्यें त्यांनीं 'सह्याद्रि' मासिकाचें संपादन हातीं घेतलें, आणि १९३८ मध्यें त्यांचें समग्र वाङ्मय छापावयास घेतलें, तेव्हां तें बारा खंडांत मावलें. "लिहील केव्हां?" या वहिनींच्या प्रश्नाला एवढें उत्तर पुरेसें होईल, असें मला वाटलें. पण वहिनींनीं तें ऐकून घेऊन शांतपणें विचारलें, "त्यांच्या घरीं स्वयंपाक कोण करीत असे?" या प्रश्नाला बारा खंडांत कोठेंहि उत्तर नाहीं, हें मला मान्य करावें लागलें, आणि संध्याकाळच्या भाकऱ्या कोणी कराव्यात, हा विषय त्या दिवसापासून आमच्या घरच्या चर्चेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला.

परंतु वेळ मिळणें, न मिळणें हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा आहे कीं, कवीच्या ठिकाणीं जी शक्ति असते, ती कारभाराला उपयोगी पडते कीं आड येते? याचें उत्तर मला केळकरांच्या दोन गोष्टींत सांपडलें. त्यांतली एक त्यांच्या नाटकांत आहे आणि दुसरी त्यांच्या साहित्यशास्त्रांत.

'तोतयाचें बंड' या नाटकाचें कथानक आपणां वाईकरांना परकें वाटण्याचें कारण नाहीं. पानिपतावर १७६१ मध्यें सदाशिवरावभाऊ पडले. पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसेना. पार्वतीबाईंनीं तर सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. पुढें एक मनुष्य "मीच भाऊसाहेब" म्हणून पुढें आला, त्याच्या मागें फौज जमली, किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि अखेर १७७६ मध्यें त्याला पकडून देहान्त शासन झालें. त्या वेळीं राज्याची सूत्रें ज्यांच्या हातीं होतीं, त्या नाना फडणीसांचा कृष्णाकांठचा वाडा येथून कोसभरावर मेणवलीस उभा आहे. या साऱ्या प्रकरणाचा गाभा एकच: वेष, चेहरा आणि नांव हीं सारखीं असलीं म्हणजे मनुष्य तोच असतो काय? त्याच्याभोवतीं जमणाऱ्या लोकांना खरें पाहिजे असतें, कीं सोयीचें पाहिजे असतें?

मला नेहमीं वाटतें कीं, सार्वजनिक अधिकारावर बसलेला प्रत्येक मनुष्य थोडाबहुत या कोड्यांत सांपडलेला असतो. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलें कीं, हार येतात, "साहेब" म्हणणारे येतात, आणि चार महिन्यांत माणसाला असें वाटूं लागतें कीं, हे हार आपल्याच मानेसाठीं गुंफलेले आहेत. खुर्ची माणसाचा तोतया करून टाकते. ज्यानें नाटक लिहिलें आहे, पात्रांना अंगरखे चढविले आणि उतरविले आहेत, रंगपटांत राजाला विडी ओढतांना पाहिलें आहे, त्याला अंगरखा कोणता आणि अंग कोणतें हें निदान ओळखतां यावें. नाटककार अधिकारावर असण्याचा हा पहिला लाभ. तो प्रत्येकाच्या बाबतींत पदरीं पडतोच असें नाहीं. पण पडावयाचा असेल, तर त्याला हें शिक्षण आधींच मिळालेलें असतें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बडोद्याच्या भाषणांत केळकरांनीं वाङ्मयाच्या आनंदाची एक उपपत्ति मांडली, ती 'सविकल्प समाधि' या नांवानें प्रसिद्ध आहे. शब्द योगशास्त्रांतील आहे, म्हणून बिचकण्याचें कारण नाहीं. निर्विकल्प समाधींत पाहणारा आणि पाहिलें जाणारें यांचा भेदच उरत नाहीं. सविकल्प समाधींत मन त्या वस्तूशीं एकरूप होतें, तरी आपण आपण आहोंत ही जाणीव शिल्लक राहते. केळकरांचें म्हणणें असें कीं, वाचक किंवा प्रेक्षक यांचा आनंद हा या दुसऱ्या प्रकारचा असतो. शकुंतलेच्या दुःखानें आपले डोळे भरतात, आपण तिच्या अंतःकरणांत जाऊन बसतों; पण आपण खुर्चीवर बसलेले गृहस्थ आहोंत, हें विसरत नाहीं. विसरलों, तर रंगमंचावर धांवून जाऊं. आणि मुळींच एकरूप झालों नाहीं, तर जांभया देऊं. दोहोंच्या मध्यें जी अवस्था, ती सविकल्प समाधि.

केळकरांनीं हें वाङ्मयाविषयीं सांगितलें. मला मात्र तें वाचतांना राहून राहून नगरपालिकेची सभा आठवते. समजा, रस्त्याच्या कडेला एक भाजीवाली बसते. तिला तेथून उठवावें, असा अर्ज रस्त्यावरील बिऱ्हाडकरूंनीं केला आहे, कारण त्यांच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यांत न्यावयास गाडी दारापर्यंत येत नाहीं. भाजीवाली म्हणते, येथून उठलें कीं माझें गिऱ्हाईक तुटलें. या प्रसंगीं सभासदाला दोघांच्याहि अंतःकरणांत शिरतां आलें पाहिजे. आणि शिरून झाल्यावर परत येऊन मत देतां आलें पाहिजे. जो शिरतच नाहीं, तो नुसता नियमांचें पुस्तक असतो. जो परत येत नाहीं, तो ज्याचें रडें शेवटीं ऐकलें, त्याचाच होऊन बसतो. आपल्या गांवोगांवच्या सभांत या दोन्ही जातींचे सभासद आपण पाहिले आहेत. दुसऱ्याच्या जिवांत जाऊन आपल्या जागेवर परत येण्याची ही जी येरझार, तिचा सराव कवीला आणि विशेषतः नाटककाराला रोजचा असतो, कारण नायक आणि खलनायक दोघांनाहि आपलें म्हणणें पटेल असें मांडावयास लावण्यावांचून नाटक उभेंच राहत नाहीं. म्हणून भाऊकाकांचें मत मला पटत नाहीं. कवीला चंद्र दिसतो हें खरें. पण ज्याला दिसत नाहीं, त्याला दिव्याचा खांब तरी अधिक चांगला दिसतो, असा अनुभव नाहीं.

ही सारी उपपत्ति मीं रात्रीच्या जेवणानंतर मोठ्या समाधानानें घरांत मांडली. सूनबाईनें ती लक्षपूर्वक ऐकली आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती ग्रंथालयांत जाऊन आली. आल्यावर ती म्हणाली, "मामंजी, तुमची सविकल्प समाधि मला पटली. पण ती पुण्यांत मुलींच्या शाळेच्या दाराशीं कां मोडली, हें सांगा."

तिचा रोख १९२० च्या सुमारास झालेल्या वादाकडे होता. १९१८ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा अधिकार मिळाला होता. पुण्यांत प्रश्न निघाला कीं, सक्ती मुलगे आणि मुली दोघांनाहि एकदम लावावी, कीं पैसा अपुरा म्हणून प्रथम मुलग्यांपुरतीच? टिळकपक्षाची भूमिका अशी होती कीं, तिजोरी पाहतां आधीं मुलग्यांपासून आरंभ करावा. आणि केळकर त्या पक्षाचे पुण्यांतील प्रमुख स्तंभ होते. मुलींना वगळूं नये, म्हणून रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या स्त्रिया मोर्चा काढून रस्त्यावर आल्या.

"खर्चाचा आंकडा खोटा नसेलहि," सूनबाई म्हणाली, "पण पैसा अपुरा पडला, कीं पहिली काट मुलींच्याच पाटीवर कां बसते? मुलग्यांच्या मनांत शिरावयाला त्या सभेंतल्या कोणालाच कल्पनाशक्ति लागली नाहीं, कारण सगळेच एके काळीं मुलगे होते. मुलीच्या मनांत शिरावयाला मात्र कवित्व लागलें असतें. आणि तें नेमकें त्याच वेळीं कामाला आलें नाहीं."

मी निरुत्तर झालों असें म्हणत नाहीं; पण मला विचार करावा लागला. कवीची कल्पनाशक्ति कितीहि मोठी असली, तरी तिला आपल्या काळाचें आणि पक्षाचें कुंपण असतेंच. केळकर स्वभावानें समतोल होते. प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांना दिसत. गांधीजींच्या असहकाराच्या काळांत कायदेमंडळावरील बहिष्कार त्यांना मान्य नव्हता. पुढें त्यांनीं प्रतियोगी सहकारिकेचा पक्ष घेतला, आणि त्याबद्दल मवाळपणाचे टोमणे आयुष्यभर सोसले. असा मनुष्यहि ज्या जीवनाचा त्याला आंतून परिचय नाहीं, तेथें अडखळूं शकतो. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला हा कीं, सभेंत एकटा कवि पुरत नाहीं. ज्यांच्याविषयीं निर्णय व्हावयाचा, तीं माणसेंहि तेथें बसलेलीं असलीं पाहिजेत. आणि दुसरा हा कीं, सूनबाईनें स्वतःच नकळत आपल्या उमेदवारीच्या बाजूनें सर्वांत भक्कम मुद्दा मांडला होता!

या चर्चेच्या दिवसांतच माझ्या वाचनांत एका परदेशी कवीचें चरित्र आलें. तें येथें सांगण्यासारखें आहे. कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावर अकेडियन नांवाचे फ्रेंच बोलणारे लोक राहतात. १७५५ पासून पुढें कांहीं वर्षें ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं या लोकांना त्यांच्या भूमींतून सक्तीनें हांकलून दिलें. हजारों कुटुंबांची वाताहत झाली. त्यांतले कांहीं परत आले, त्यांनीं आपली भाषा घरांत, चुलीपाशीं जिवंत ठेवली. त्यांच्यापैकीं पुष्कळ लोक न्यू ब्रन्सविक प्रांतांत आहेत, आणि त्या प्रांतानें १९६९ मध्यें इंग्रजीबरोबर फ्रेंचलाहि राजभाषेचा दर्जा दिला. अशा समाजांत १९४६ मध्यें जन्मलेला हर्मेनेजिल्द शियासों हा कवि, नाटककार आणि चित्रकार. त्याचा पहिला काव्यसंग्रह १९७४ मध्यें निघाला. आपल्या लोकांची जखम आणि त्यांचा हट्ट हेच त्याचे विषय. हाच कवि २००३ ते २००९ या काळांत न्यू ब्रन्सविकचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. म्हणजे इंग्लंडच्या राणीचा त्या प्रांतांतील प्रतिनिधि! ज्या राजसत्तेच्या नांवानें पूर्वजांना घराबाहेर काढलें, त्याच राजसत्तेच्या नांवानें त्या पूर्वजांचा कवि कायद्यांवर सही करावयास बसला. इतिहासानें लिहिलेलें हें नाटक, कोणा नाटककारानें लिहिलें असतें, तर आपण तें अतिरंजित म्हणालों असतों.

पण येथें एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. शियासोंची खुर्ची मानाची होती. प्रत्यक्ष कारभार मंत्री करतात. राजप्रतिनिधीनें सही करावयाची, समारंभ शोभवावयाचा, आणि आपल्या वाणीनें पदाला प्रतिष्ठा आणावयाची. अशा जागेवर कवि शोभून दिसतो आणि त्याचें फारसें नुकसानहि होत नाहीं. आपल्याकडेहि मामा वरेरकर १९५६ मध्यें राज्यसभेवर नियुक्त झाले, माणदेशाचे ग. दि. माडगूळकर, ज्यांचें 'गीतरामायण' १९५५-५६ मध्यें घरोघर पोंचलें होतें, ते १९६२ मध्यें विधानपरिषदेंत गेले, ना. धों. महानोर १९७८ मध्यें तेथेंच जाऊन शेतीविषयीं आणि पाण्याविषयीं बोलले. या जागा सन्मानानें मिळालेल्या. केळकरांची नगरपालिका निराळी. तेथें मतें मागावीं लागतात, कर बसवावे लागतात, गटारें साफ होतात कीं नाहीं तें पाहावें लागतें, आणि प्रतिपक्षाच्या शिव्या खाव्या लागतात. आचार्य अत्रे १९५७ मध्यें संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत विधानसभेवर निवडून गेले, तेहि याच दुसऱ्या जातीचे. कवीच्या अंगाला घाम येतो तो या दुसऱ्या प्रकारांत. आणि आमच्या सूनबाईपुढें आलेली जागा याच प्रकारची आहे.

म्हणून किंमतीचा हिशेबहि प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. नाहीं तर भाऊकाका मला सोडणार नाहींत. केळकरांना लोकांनीं 'साहित्यसम्राट' म्हटलें, पण बारा खंडांतील कविता आज किती जण वाचतात? त्यांचें गद्य टिकलें, विनोद टिकला, 'गतगोष्टी' हें आत्मचरित्र अजूनहि गोडीनें वाचवतें. कविता मात्र मागें पडली. याचें खापर मी सर्वस्वीं नगरपालिकेवर फोडणार नाहीं, कारण नगरपालिकेंत न गेलेल्या कवींच्याहि कविता मागें पडल्या आहेत. पण एवढें मात्र मला दिसतें कीं, सार्वजनिक काम गद्याला पोसतें आणि काव्याला उपाशी ठेवतें. रोज दहा माणसांचें म्हणणें ऐकणाऱ्याची भाषा स्वच्छ, सोपी आणि मुद्देसूद होते. पण कवितेला जो निवांत अंधार लागतो, तो त्याला मिळत नाहीं. नाटकाचें तसें नाहीं. नाटकाला माणसें लागतात, भांडणें लागतात, एकाच गोष्टीच्या चार बाजू लागतात. आणि त्यांचा पुरवठा सभागृहांत अखंड असतो. तेव्हां सूनबाईची कविता कांहीं वर्षें आटेल आणि तिचें नाटक बळावेल, असा माझा अंदाज आहे. हा व्यापार तोट्याचा कीं नफ्याचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

याबाबतींत आपल्या वाईनेंच घालून दिलेला एक धडा मला मोलाचा वाटतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे कवि नव्हेत, पंडित. पण १९६० मध्यें साहित्य संस्कृति मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, तेव्हां विद्या आणि अधिकार यांची गांठ कशी पडावी, हें त्यांनीं दाखविलें. शास्त्रीबोवा अधिकारामागें वाई सोडून गेले नाहींत. अधिकारच प्राज्ञपाठशाळेच्या गांवीं आला. विश्वकोशाचें कार्यालय येथें उभें राहिलें, आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्यें बाहेर पडला. ज्या कामांत आपलें मन आधींपासूनच गुंतलेलें आहे, त्याच कामाचा अधिकार स्वीकारला, तर मनुष्य आंतून तुटत नाहीं. अधिकार हा कामाचें हत्यार राहतो, अंगावरचा दागिना होत नाहीं.

तेव्हां माझा अभिप्राय मीं असा दिला: कवीनें कारभारांत पडावें, पण तीन गोष्टी पाहून. जागा घामाची असावी; नुसत्या मानाची असेल, तर ती घेण्याची घाई करूं नये. काम आपल्या जिवाचें असावें. आणि घरांतल्या माणसांनीं त्या कामाचा वांटा उचलावयास तयार असावें; कारण एका माणसाच्या लोकसेवेचें ओझें दुसऱ्या माणसाच्या कंबरेवर टाकून त्याला त्याग म्हणणें, ही आपल्या घराघरांतील जुनी खोड आहे. या तिसऱ्या अटीला वहिनींनीं मोठ्यानें अनुमोदन दिलें आणि आमच्या चिरंजीवांनीं तें खालीं मान घालून मान्य केलें. आठवड्यांतून तीन संध्याकाळ स्वयंपाकघर त्याच्याकडे आलें आहे. पिठलें बरें होतें. भाताविषयीं अद्यापि घरांत एकमत नाहीं.

सूनबाईनें होकार कळविला आहे. लोक निवडून देतील कीं नाहीं, हें लोकांच्या मनावर आहे. १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं स्वतंत्र हिंदुस्थानांत डोळे मिटणाऱ्या केळकरांनींहि जिंकण्याचे आणि हरण्याचे दोन्ही प्रकार भरपूर पाहिले होते. सध्यां तिनें नगरपालिकेच्या मागल्या तीन वर्षांच्या अंदाजपत्रकांच्या प्रती आणल्या आहेत. महसुली खर्च म्हणजे काय, भांडवली खर्च म्हणजे काय, आरंभीची शिल्लक कोठें पाहावयाची, हें तिला रोज रात्रीं पेन्सिल हातीं धरून समजावून सांगण्याचें काम भाऊकाकांनीं आपण होऊन पत्करलें आहे. काल ते मला म्हणाले, "दादा, पोरीनें प्राथमिक शाळांच्या पानावर एक आंकडा असा अचूक पकडला, कीं आमच्या खजिन्यांतले जुने कारकूनहि थक्क झाले असते." मीं विचारलें, "तिनें तो कसा पकडला?" ते म्हणाले, "म्हणाली, या शाळेंत मुलीं किती आणि त्यांच्यासाठीं स्वच्छतागृहें किती, याचा मीं मनांत विचार केला, तेव्हां रक्कम अपुरी दिसली."